उंच दारापाशी

मी काय करते असं कुणी विचारलं की 'जागा बघते' म्हणून सांगते. समोरचा लगेच विचारतो, "वन बीएचके का टू?" नवी मुंबईत जागा बघणारी बाई म्हणजे इस्टेट एजंट, दुसरं काही असूच शकत नाही. एका गृहस्थांनी तर मला त्यांच्या घणसोलीच्या गाळ्याचे फोटो पाठवले होते, वर 'भाव बसून ठरवू' असा निरोप. मी नाचासाठी जागा बघते हे त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला आणि त्यांना पटलं नाही ते नाहीच.

आमचा दहा-बारा जणांचा नाचाचा संच आहे. आम्हाला रंगमंच नसतो, पडदा नसतो. नाच ज्या जागेतून सुचला त्याच जागेवर तो करायचा, प्रेक्षकांनी उभं राहून, चालत चालत बघायचा. विषय बहुतेक वेळा एकच, देवाधर्माचं करताना माणसाचं अंग काय करतं. प्रदक्षिणा घालताना पाय कुठे रेंगाळतो, दंडवत घालताना आधी गुडघा टेकतो की हात, कुंकू लावून घेताना डोळे कधी मिटतात. देव आहे की नाही, विधी बरोबर की चूक, यात आम्ही पडत नाही. समीर म्हणून आमचा नाच बसवणारा आहे, मूळचा पुण्याचा. तो म्हणतो, माणसाचं तोंड खोटं बोलेल, अंग बोलत नाही. हे वाक्य तो इतक्यांदा बोललाय की मुली त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करतात.

पूर्वी मीही नाचायचे. गुडघे गेले आणि मी व्यवस्थापक झाले. बसून राहायचं म्हटलं तर माझा जीव कासावीस होतो, म्हणून हे काम मला मानवलं असावं. माझे वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. मी काय करते ते त्यांनी एकदाच येऊन पाहिलं आणि म्हणाले, "नाचायचंच हाय तर धड स्टेजवर तरी नाच की. गाड्या लावायच्या जागी काय नाचतीस?" 

काम सांगायला सोपं आहे. प्रयोग ज्या वेळेला असेल त्याच वेळेला आधी जाऊन जागेवर अनवाणी चालायचं. तळहात टेकून फरशी किती तापते ते बघायचं. उतार कुठे, खिळे कुठे, कुत्री कुठे झोपतात, शेजारून ट्रेलर जातात का. जासईला एका आवारात तालीम ठेवली तर ट्रेलरच्या हॉर्नमुळे मुलींना एकमेकींचा श्वासही ऐकू येईना. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परवानगी. ती दोन ठिकाणी घ्यावी लागते, कचेरीत आणि ओट्यावर, म्हणजे तिथल्या जाणत्या माणसांकडून. कचेरीतली मिळाली आणि ओट्यावरची राहिली, की प्रयोग बुडालाच म्हणून समजा.

चुका भरपूर झाल्या. उरणजवळच्या मिठागरात तीर्थस्नानावर एक नाच केला होता. मी सगळं बघितलं, ऊन बघितलं, वारा बघितला, फक्त मुलींच्या टाचांच्या भेगा बघितल्या नाहीत. खारं पाणी भेगांत गेलं आणि शांत, गंभीर स्नानाच्या जागी आठ जणी टुणटुण उड्या मारायला लागल्या. प्रेक्षकांना ती समीरची कल्पना वाटली. एका बाईंनी मला येऊन सांगितलं की पापाची जळजळ किती नेमकी दाखवली आहे. मी मान हलवली आणि बर्फ आणायला पळाले.

कामोठ्याचे सेक्रेटरी तर विसरणं शक्य नाही. त्यांच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत पार्किंगमध्ये देव बसतो आणि बायका त्याच्याभोवती लोटांगण घालतात. बाकी वर्षभर तिथे स्कूटर असतात. आम्हाला त्या स्कूटरच्या मधून लोटांगण घालायचं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही धर्माची चेष्टा करताय की प्रचार, ते एकदा ठरवा. म्हणजे मला कुणाच्या शिव्या खायच्यात ते कळेल." शेवटी परवानगी दिली आणि तालमीला येऊन उभे राहिले. जरा वेळानं त्यांना राहवेना. मुली फार हळू लोळतात, भक्तीचा जोर नाही, असं त्यांचं मत पडलं. पँटीतला मोबाईल माझ्या हातात देऊन ते स्वतःच आडवे झाले, दोन-तीन वळसे सपाट्यानं घेतले आणि एका खांबापाशी जाऊन थांबले. कंबर धरली होती. वॉचमनला वाटलं साहेबांना अटॅक आला. त्यांची बायको खाली येईपर्यंत ते तसेच छताकडे बघत पडून होते आणि "टेन्शन घेऊ नका, टेन्शन घेऊ नका," असं आम्हालाच सांगत होते.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

आमच्या संचात प्राची नावाची मुलगी आहे, आगरी घरातली. तिचं गाव खाडीकाठचं. मोठ्या प्रकल्पात ते उठलं आणि गावाला दूर दुसरीकडे प्लॉट मिळाले. तिथे आता तीन-तीन मजली घरं आहेत, खाली गाळे, वर भाडेकरू, गल्लीत गाड्या. गावाबरोबर गावदेवीही हलली. जुनं देऊळ कौलारू होतं, बसकं, आणि त्याचं दार इतकं ठेंगणं की आत जाताना वाकावंच लागायचं, नाही वाकलं तर टेंगूळ. नवं देऊळ ऐसपैस आहे. ग्रॅनाइटची फरशी, स्टीलचं रेलिंग, आणि दार एवढं उंच की पालखी डोक्यावरून आत जाईल.

समीरला घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा आम्ही समोरच्या कट्ट्यावर नुसते बसून होतो. संध्याकाळी बायका दिवा लावायला येत होत्या. समीरनं माझा हात दाबला. प्रत्येक बाई त्या उंच दारातून आत जाताना वाकत होती. नमस्कारासाठी नव्हे. बोलता बोलता, भाजीची पिशवी सांभाळत, डोकं वाचवायला वाकावं तशी वाकायची आणि आत गेली की सरळ व्हायची. ताडमाड उंच पोरगेसुद्धा वाकत होते. ज्या मुली नव्या वसाहतीत जन्मल्या, जुनं देऊळ ज्यांनी बघितलंच नाही, त्याही आयांचं बघून वाकत होत्या. जुनं दार कधीच पाडलेलं होतं आणि तरी सगळं गाव रोज त्याच्याखालून जात होतं.

 समीरनं मोबाईल काढून थोडं चित्रण केलं. नाच तिथेच ठरला. आमच्या मुलींनी गल्लीतून चालत यायचं, उंच दारापाशी तसंच वाकायचं आणि आत जायचं. दुसरं काहीच नाही.

कचेरीतलं काम झाल्यावर ओट्यावरची परवानगी काशीबायकडून घ्यायची होती. काशीबाय म्हणजे प्राचीची आत्या. साठीच्या पुढची, नवऱ्यामागे भावाच्या घरी राहणारी. लग्नांत धवले गाणारी, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात विधी सांगत गाणारी बाई, धवलारीण. देवीचा संध्याकाळचा दिवा तिच्याकडे आणि नवरा गेल्यावरही जत्रेची पहिली ओटी गावानं तिच्याकडेच ठेवलेली. तिनं आम्हाला चहा पाजला, समीरला दाढीवरून चिडवलं आणि एकच अट घातली. "काय करनार ते आदी आमाला दाखवा. मागून भांडान नको."

अट रास्त होती. आम्ही देवळासमोर तालीम ठेवली. पाच-पन्नास बायका जमल्या. आमच्या मुली आल्या, दारापाशी वाकल्या, आत गेल्या. बायका आधी हसायलाच लागल्या.

काशीबाय म्हणाली, "ह्या पोरी कनाला वाकतान?"

समीर म्हणाला, "तुम्ही वाकता म्हणून."

"आमी? आमी नाय वाकत. दार केवरं मोठं हाय, दिसत नाय काय तुला?"

तेव्हा समीरनं मोबाईल पुढे केला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. मोबाईल एका हातातून दुसऱ्या हातात फिरला. हसणं कमी कमी होत थांबलं. एक बाई म्हणाली, "अगो बाय, खरंच की." काशीबायनं स्वतःला त्यात बघितलं, मग मान वर करून दाराच्या वरच्या चौकटीकडे बघत राहिली. ती चौकट फार वर होती. तिनं परवानगी दिली, पण चहाच्या वेळची ती बाई नव्हती.

त्यानंतर काय झालं ते मला प्राचीकडून कळलं, कारण ती रोज घरी जायची. गाव वाकायचं थांबलं. कुणी ठरवून नव्हे. आपण वाकतो हे कळल्यावर कुणाला ते जमेचना. पोरी दारापाशी गेल्या की एकमेकींकडे बघून खिदळायच्या आणि ताठ आत जायच्या. काही जणी मुद्दाम वाकायच्या, पण ते कपाटाखाली पडलेली टिकली शोधायला वाकावं तसं दिसायचं. आणि काशीबाय आत जाईनाशी झाली. दिवा घेऊन पायरीपर्यंत यायची, तिथे थांबायची आणि दिवा भावजयीच्या, म्हणजे प्राचीच्या आईच्या, हातात द्यायची.

मी तिला भेटायला गेले. ती पायरीवरच बसली होती. मी शेजारी बसले, पण मला बसवेना. आपण एखाद्याच्या घरात पाणी प्यायला जावं आणि माठ फुटावा, तसं झालं होतं.

"आत का जात नाही?" मी विचारलं.

"कशी जाऊ?" ती म्हणाली. "पाय उचलला की डोकं इचारतं, वाकू का नको. वाकली तं नाटक वाटतं. नाय वाकली तं आईचे म्होरं मान ताठ. आदी कोन इचारत नव्हतं, आता माजंच मन इचारतं." मग म्हणाली, "गाव गेला, देऊल गेला, ते समदं गेला ते आमाला ठावं होतं. यो एक राहिला होता ते तुमीच सांगितलाव. आनि तुमीच नेलाव."

 मला रडू आलं आणि तिच्यासमोर रडायचीही लाज वाटली.

समीरशी मी भांडले. तो वाईट माणूस नाही. "आपण काही मोडलं नाही, ताई, आपण फक्त दाखवलं," असं तो म्हणत राहिला, पण त्याचा चेहरा उतरला होता. तोडगा म्हणून त्यानं दारात बांबूची ठेंगणी चौकट उभी करायची सुचवली, म्हणजे सगळ्यांना खरोखरच वाकावं लागेल. काशीबायला विचारलं तर ती म्हणाली, "आता आईला बी मांडव घालतंस काय? लगीन काढलास तिचा?" चौकटीचा विषय तिथेच संपला.

जत्रा तोंडावर आली होती. पहिली ओटी काशीबायची, आणि ती आत गेल्याशिवाय कुणाचीच ओटी भरली जात नाही. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे नाचवाल्यांनी दृष्ट लावली, कुणी म्हणे म्हातारीचा मान आता दुसरीला द्या. मान दुसरीला द्या हे काशीबायच्याही कानावर गेलं, आणि प्राची म्हणते, त्या दिवसापासून घरात वावरायचीही भीती वाटायला लागली.

प्रयोग रद्द करा असं मी म्हटलं. गावानंच नाही म्हटलं. पाव्हणे बोलावलेत, वडापाव सांगितलाय, आता मागे कसं फिरायचं? तिकडच्या लोकांचं हे असं असतं, बोलावलेल्याला परत पाठवायचं म्हणजे नाक कापल्यासारखं.  आपलंच गाव, आपलीच आत्या आणि आपलाच नाच, यात प्राचीची मात्र पार ओढाताण झाली होती.

प्रयोग ऊन उतरल्यावर होता. वाशी, नेरूळकडून प्रेक्षक आले होते, पाण्याच्या बाटल्या आणि झोळ्या घेऊन. मी आखलेल्या रेघेपाशी त्यांनी चपला काढल्या. फरशी मी बघितली होती, पाय पोळत नव्हते. गावच्या बायका एका बाजूला दाटीनं उभ्या होत्या. काशीबाय तिच्या पायरीवर बसली होती, मांडीवर हात घेऊन, कुणाकडे न बघता.

मुली गल्लीतून आल्या. सगळ्यात पुढे प्राची. ती देवळाच्या पायऱ्यांपाशी पोचली आणि थांबली. एक पाय पायरीवर, एक खाली. मग तिनं तो पाय मागे घेतला आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसली. मागच्या मुली जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. समीर लांबून मला खुणा करत होता, पुढे चालू दे म्हणून. मी हललेही नाही. प्रेक्षकांना हाही नाचच वाटत होता, ते माना वाकड्या करून नीट बघायला लागले.

 मग काशीबायनं प्राचीकडे वळून बघितलं.

"काय गो, बसलीस कनाला?"

"मना नाय जमत, आत्या."

"नाय जमत? येवरी लोकं कुटून कुटून आलीयत, उन्हातान्हात उभी हायत, आनि नाय जमत? तुजे आयेनं तुला हेच शिकवला? चल, ऊठ!" आणि तिनं प्राचीचं मनगट धरलं. "रोज रोज घरात पाय आपटतं, अमका नाच नि तमका नाच, आनि टायमाला बूड टेकून बसतं. आमचे वखताला येक जरी पोर लगनात गाताना गप बसली असती ना..."

असं बडबडत, प्राचीला ओढत, ती पायऱ्या चढली. डोकं मागे प्राचीकडे वळलेलं, तोंड चालूच. आणि त्या उंच, मोकळ्या दारापाशी पोचताच ती वाकली. शब्द न तोडता वाकली, आत गेली, सरळ झाली आणि बोलत राहिली.

 गावच्या सगळ्या बायकांनी बघितलं होतं. प्राचीच्या आईनं पदर तोंडात कोंबला होता. पाहुण्यांमधल्या एका कुर्तेवाल्या गृहस्थांचे हात टाळीसाठी वर आले. मी धावायच्या आत शेजारच्या बाईनं, कडेवर पोर असताना, एका हातानं त्यांचे दोन्ही पंजे घट्ट धरले. ते बिचारे घाबरूनच गेले. कुणीच टाळी वाजवली नाही. टाळी वाजली असती तर तिला कळलं असतं.

आतून घंटा वाजली. मग काशीबायचा आवाज आला, "दिव्यात तेल कोनी घातलं नाय? चार दिस मी नाय आले तं हे हाल?"

जत्रेत तिनं पहिली ओटी भरली. आजही ती रोज दिवा लावायला जाते आणि रोज वाकते. तिला वाटतं आपण भांडलो, रागाच्या भरात आत गेलो, आणि एकदा गेल्यावर दार सुटलं. ती कशी गेली ते गावातल्या कुणीही तिला सांगितलेलं नाही. ज्या वसाहतीत कुणाच्या घरी आज काय शिजलं तेही लपत नाही, तिथे एवढी एक गोष्ट लपून राहिलेली आहे. समीरनं ते चित्रण बायकांसमोर पुसून टाकलं. प्रयोगाबद्दल एकानं लिहिलं की कल्पना चांगली होती, पण शेवट विस्कळीत झाला. समीरनं पुन्हा तो नाच केला नाही.

शेवट गोड झाला असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. एक बाई वाकते. गावातल्या बाकीच्या मुली आता ताठ जातात आणि त्यांच्या मुलीही ताठच जातील. माझा सगळा धंदा दाखवण्याचा. तेव्हापासून मी कुठल्याही देवळात, दर्ग्यात, मांडवात बसले की आधी बघते आणि मग मान फिरवते, इतकं मन थाऱ्यावर नसतं. हे लिहितानाही दोनदा उठून फेऱ्या मारल्या. नावं बदलली आहेत. काशीबायला वाचता येत नाही आणि तिला हे वाचून दाखवेल असं त्या वसाहतीत कुणी नाही, याची मला खात्री आहे.

राहता राहिली प्राची. त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं होतं, "ताई, आत्या मला ओढत होती तेव्हा मी वाकले का गं?" मी म्हटलं, माझं लक्ष प्रेक्षकांकडे होतं. अजूनही ती मधेच कधीतरी विचारते आणि अजूनही माझं लक्ष प्रेक्षकांकडेच असतं. ती रोज संध्याकाळी आत्याबरोबर देवळात जाते. आणि ती दिवाळी अंक वाचते, हाही वाचेल, म्हणून इथे तिच्याबद्दल मी एवढंच लिहिते की ती आत गेली.